अक्काचा दाभण

रविवारी सकाळी मटणाची पिशवी घेऊन घरात शिरायचं, तर आधी घरमालकिणीचे पाय ओलांडावे लागायचे. सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या त्या घराला दार एकच, आणि त्या दारात ती लोखंडी खुर्ची टाकून, दोन्ही पाय समोरच्या चौकटीला लावून बसायची. भाडेकरू आला तरी पाय काढायची नाही. हात पुढं करायची.

"पिशवी."

पिशवी मांडीवर घेतली की डोळे मिटायची. मग आत हात घालायची. अंगठ्यानं दाबायची, हाताच्या पाठीनं चाचपायची, एखादा तुकडा तळहातावर धरून त्याला ऊब द्यायची आणि मग नाकाशी न्यायची. सगळ्यात शेवटी दाभण. सुताच्या गठ्ठ्यांवरची पोती शिवायचा लांब दाभण, तिच्या नवऱ्याचे माग चालू होते तेव्हापासूनचा. उकळत्या पाण्यातून काढलेला, पदरानं पुसलेला. तो मांडीच्या तुकड्यात पार हाडापर्यंत खुपसायची, उपसायची आणि अत्तराची काडी फिरवावी तसा नाकाखालून फिरवायची. मग निकाल. तोही तेलुगूत. 'बागुंदी' म्हणजे चांगलं आहे, जा, शिजव. 'वद्दू' म्हणजे नको. वद्दू आलं की पिशवी उलट पावली खाटकाकडं. त्यावर सुनावणी नाही.

सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची, मी पण म्हणायचो. आता ती नाही. पण तिच्या माघारी गल्लीत जे सांगतात त्यातलं निम्मं खोटं आहे, म्हणून मी लिहायला बसलो. माझी शाळा दुसरीपर्यंत. पुढं मेंढरांमागं गेलो ते गेलोच. पण डोळ्यांनी बघितलेलं सांगायला शाळा लागत नाही, आणि लागत असेल तर ज्याला वाचायचं नाही त्यानं वाचू नये.

मी नातेपुत्याकडचा. धनगराचा पोर. चारा संपला, मेंढरं थोरल्या भावाच्या हवाली केली आणि बायको घेऊन सोलापूरला आलो. सुताचे गठ्ठे मागांवर पोचवायला हातगाडा ओढायचो. खोली बघायला गेलो तेव्हा अक्कानं नाव विचारलं नाही, काम विचारलं नाही. म्हणाली, "हात दाखव." मी हात पुढं केले. तिनं ते धरून हुंगले. आयुष्यात कुणी माझे हात हुंगले नव्हते. माझी बायको बाजूला उभी, तिनं तर तोंडाला पदरच लावला.

"मेंढराचा वास येतंय," अक्का म्हणाली. "दारूचा न्हाई. रहा."

नाव तिनं शेवटपर्यंत विचारलं नाही. ज्याचं जे गाव, ते त्याचं नाव. मी नातेपुते. वरच्या खोलीतला मास्तर बार्शी. बोळातल्या शिंपिणीला ती करमाळा म्हणायची. "ए करमाळा, नळ आला!" अशी हाक गेली की पाच माणसं हसायची, करमाळा मात्र हंडा घेऊन धावायची.

आमचं पहिलं वाजलं ते पहिल्याच रविवारी. मी पिशवी घेऊन आलो. तिचे पाय चौकटीला.

"पिशवी."

म्हटलं, "अक्का, मी धनगर हाय. बोकड मी चालताना वळखतो. मला कोण तपासणार?"

"चालताना वळखतोस ना? मग आता चालव त्याला. पिशवीतून काढ, चालव."

बोळात हशा पिकला. मी तिथंच उभा राहिलो. दाखवणार नाही म्हणजे नाही. तीही हलली नाही. उन्हं वर आली, माझ्या टाळूला लागली. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. तिनं एकदा डोळा उघडून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "तू तापला तर तुझा मर्जी. मटण का तापवतो?" शेवटी माझी बायको आतून आली, माझ्या हातातून पिशवी हिसकली आणि अक्काच्या मांडीवर ठेवली. मी दिली नाही, एवढं लक्षात ठेवा. बायकोनं दिली.

अक्कानं डोळे मिटले, सगळे सोपस्कार केले, आणि म्हणाली, "बागुंदी. लई चांगला बोकड हाय."

"मग? मी काय म्हणत होतो?" मी म्हटलं.

"तू काय न्हाई म्हणला. तू नुसता उभा होता."

असं आमचं सुरू झालं, आणि वर्षानुवर्षं चाललं. माझं म्हणणं एकच, जनावर जितं असताना बघावं. डोळा पाणीदार आहे का, कान उभे आहेत का, रवंथ करतंय का, मागचे पाय झटकून चालतंय का. ते नीट असलं की पुढचं सगळं नीट. तिचं म्हणणं, जनावर कितीही चांगलं असू दे, मेल्यावर त्याचं काय करता त्यावर सगळं आहे. "चांगला बोकड वाईट माणसाच्या हातात वाईटच होतंय," असं ती म्हणायची आणि वर माझ्याकडं असं बघायची की तो वाईट माणूस मीच.

डोळे का मिटते, हे मी एकदा विचारलं होतं. म्हणाली, "रंग बघून साडी घ्यायची. मटण न्हाई."

ती मिश्री लावायची, तपकीरही ओढायची. पण शनिवार उजाडला की दोन्ही बंद, नाक मोकळं राहावं म्हणून. त्यामुळं शनिवारी तिच्या तोंडाला लागायची सोय नव्हती. नळाचं, दिव्याचं, गळक्या पत्र्याचं गाऱ्हाणं कुणी शनिवारी नेत नसे. एकदा बार्शीनं नेलं. तिनं त्याला त्याच्या सासूपर्यंतचं ऐकवलं. रविवारी दुपारी मटण शिजून गल्लीत वास सुटला, की मग ती कमरेची डबी काढायची, मोठी चिमूट ओढायची, दणादणा शिंकायची आणि पुन्हा माणसात यायची. पत्रा सोमवारी दुरुस्त व्हायचा.

खाटीक तिच्या नावानं बोटं मोडायचा. पण हळूहळू काय झालं, मी दुकानात गेलो की तो पोऱ्याला ओरडायचा, "अरे रुको, उनको वो मत देव! अक्का के घर के हैं. अंदर का निकालो." गर्दीतली माणसं आमच्याकडं वळून बघायची. मला त्याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू. अख्ख्या पेठेत आमच्याइतकं चांगलं मटण कुणी खाल्लं नाही.

चुकायची का? चुकायची. एकदा करमाळाचं मटण तिनं वद्दू केलं. घासलेटाचा वास येतोय म्हणाली. मटण सोन्यासारखं होतं, घासलेटाचा वास पिशवीला होता. खाटकानं शपथा घेतल्या, करमाळा रडायला आली, तेव्हा कुठं उलगडलं. त्यावर अक्कानं माफी मागितली असं समजू नका. तिनं घरातल्या टॉवेलांच्या ताग्यातून कापड फाडलं आणि सगळ्या भाडेकरूंना एकेक पिशवी शिवून दिली. "ही पिशवी मटणाला. दुसरं काय घातलं तर खोली खाली कर." आमच्या घरात ती पिशवी धुऊन वेगळ्या खुंटीला असायची.

प्लॅस्टिकचा तिला मनापासून राग. फ्रिजचाही. "थंड केलं की नाकाला फसवतंय," म्हणायची.

आता मूळ गोष्ट.

माझी मुलगी मंगल दुधनीला दिली. व्याही तालेवार माणूस, तालुक्यात ऊठबस असलेला, फेट्याशिवाय बाहेर न पडणारा. लग्नात आमच्याकडचा भात कमी पडला. शेवटची पंगत त्यांच्या माणसांची होती आणि तीच अर्धी उठली. कमी पडला तो नुसता भात. पण ते पोरीच्या नशिबाला चिकटलं. सणाला, वाराला, कुणी पाहुणा आला की त्या घरात निघायचंच, "हिच्या बापाकडं पंगत अर्धी उठली." त्यात तिला बरीच वर्षं मूल नाही. तेही त्याच भातात कालवून बोलायचे. पोरगी माहेरी आली की हसायची नाही, मोठ्यानं बोलायची नाही. मी माळावरच्या बिरोबाला नवस बोललो, नातू दे, दोन बोकड देतो.

देवानं ऐकलं. नातू झाला.

जावळ काढायची वेळ आली तशी व्याह्यांनी दुधनीला करू म्हटलं. मी म्हटलं, नवस माझा, बोकड माझे, जेवण मी घालणार. बरीच घासाघीस झाली. शेवटी ठरलं की माळावर पहाटे जावळ आणि नैवेद्य, आणि संध्याकाळचं जेवण सोलापुरात, आमच्या बोळात. व्याही पाहुण्यांना घेऊन परस्पर सोलापूरला येणार. फोन ठेवताना म्हणाले, "पावणं, या खेपेला पंगत पुरी उठू द्या."  मी फोन ठेवला आणि भावाकडं जाणारी एसटी धरली.

बोकड मी स्वतः निवडले, भावाच्या कळपातून. माळावर चरलेले, ताठ मानेचे. त्यांच्याविषयी आजही कुणी काही बोललं तर मी ऐकून घेणार नाही.

पहाटे देवासमोर नातवाचं जावळ काढलं, मुलाण्यानं बोकड कापले, नैवेद्य झाला. आणि तिथंच माझा भाऊ आणि पुतण्या यांची जुंपली. भावानं एका बोकडाचे पुढचे फरे आणि मागच्या मांड्या लिंबाच्या फांदीला टांगल्या, वाऱ्यावर.

"तापल्यालं कोंडायचं न्हाय," भाऊ म्हणाला. "वारं लागू दे, आंग सुकू दे."

पुतण्याचं नातेपुत्यात मोबाईलचं दुकान. पोरगा हुशार, कामाला वाघ. तो म्हणाला, "आप्पा, वैशाखाचं ऊन हाय. धूळ, माशा. आता असं कोण नेतं का? मी समदं आणलंय." त्यानं नव्या कोऱ्या जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या काढल्या, थर्माकोलचं खोकं काढलं, बर्फ काढला. दुसरा बोकड कापल्या कापल्या, वाफ निघत होती तसाच पिशव्यांत भरला, तोंडं करकचून बांधली, खोक्यात ठेवला, वर बर्फ रचला. दिसायला लई झोकात दिसत होतं.

दोघंही माझ्याकडं बघायला लागले. म्हटलं, "एक तुझ्या रीतीनं, एक त्याच्या रीतीनं. भांडू नका, देवाचं काम हाय." भावानं त्याचं मटण धुतलेल्या धोतरात सैल बांधलं, पाटीत लिंबाचा पाला घातला आणि वर ठेवलं.

मंगल, जावई आणि माझी बायको नातवाला घेऊन गाडीनं पुढं गेले. आमचा टेम्पो मोहोळच्या अलीकडं बसला. चाक फुटलं. दुसरं चाक होतं तेही बसलेलंच निघालं. पुतण्या कुणाच्या तरी मोटारसायकलवर चाक घेऊन गेला आणि आम्ही दोघं भाऊ टेम्पोच्या सावलीत. भाऊ सारखा पाटीवरचं धोतर हलवून वारा घालत होता. खोक्याला हात लावायचं कुणाला सुचलं नाही. त्यात बर्फ होता ना.

बोळात पोचलो तेव्हा दुपार कलली होती. मांडव घातलेला, चुलवाण पेटवायला लाकडं रचलेली, आणि व्याही पाहुण्यांसकट येऊन खुर्च्यांवर बसलेले. फेटा, पांढरं धोतर, हातात पानाचा डबा. दोन्ही मटणं मोठ्या परातींत ओतली. पिशवीतलं निघालं लालभडक, ओलं, चकचकीत. पाहुणे खूश. भावाचं धोतर सोडलं, तर वरून काळपट, सुकलेलं, हात लावला तर चामड्यासारखा पापुद्रा.

व्याही उठून आले. काळ्या परातीकडं बघून म्हणाले, "येन्री, काय हे, पावणं? सुकट आणलं का काय? माळावरनं आणलं म्हणता, का गेल्या जत्रेचं शिल्लक हाय?"

त्यांची माणसं हसली. मंगल दारात नातवाला घेऊन उभी होती. तिनं मान खाली घातली. ते मी बघितलं.

"हे लाल शिजवा," व्याही म्हणाले. "हे काळं सोडून द्या कुत्र्यांना."

तेवढ्यात मागून आवाज आला. "सरक दुधनी. वारा अडवतो तू."

दुधनी! आमच्या व्याह्यांना आयुष्यात कुणी गावाच्या नावानं हाक मारली नसेल, तीही अरेतुरे करून. त्यांच्या हातातला पानाचा डबा तसाच राहिला. अक्का दाभण घेऊन आली, आणि वार कुठला होता कुणास ठाऊक, पण तपकीर तिनं आदल्या दिवसापासून बंद ठेवली होती. बायकोनं सांगितलं मला नंतर.

ती पाटावर बसली. डोळे मिटले. पहिल्यांदा काळं घेतलं. दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. पापुद्र्यावरून हाताची पाठ फिरवली. मांडीत दाभण घातला, हाडाला लागल्याचा आवाज आला. उपसला, हुंगला. एकदा नाही, दोनदा.

"बागुंदी," ती म्हणाली. "कोण टांगला हे? त्याला पाणी द्या, चहा द्या."

माझा भाऊ गहिवरलाच.

मग लाल. तिनं मांडीच्या खाली हात घातला आणि भुवया वर गेल्या. "गरम हाय."

"अक्का, बर्फात होतं," पुतण्या म्हणाला. "आत्ता काढलं."

"बर्फ वर होता रे. आत चूल हाय. हात लाव, बघ." त्यानं लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. अक्कानं दाभण हाडापर्यंत घातला, उपसला, आणि नाकाशी न्यायच्या आधीच तोंड फिरवलं.

"वद्दू."

बोळात गलका उठला. व्याही तापले. "ही बाई कोण? काळं खायाचं आनि लाल टाकायचं? डोळं मिटून? पावणं, तुमच्याकडं हेच चालतंय का?"

"दुधनी, तू गप," अक्का म्हणाली. "नातेपुते, तू ये. तुझा बोकड हाय. तू हुंग."

मी दाभण घेतला. आता खरं सांगतो. वास मोठा नव्हता. हाडाशी जरासा, आंबूस, ताकाच्या भांड्याला येतो तसा. कांदा, खोबरं, काळा मसाला पडला असता तर हंड्यात कुणाला कळला नसता. आणि एक बोकड टाकला तर उरला एकच. पंगत पुन्हा अर्धी उठणार. पुन्हा तेच दुधनीला सणावाराला. बायको माझा सदरा मागून ओढत होती. माझ्या कानाशी म्हणाली, "देवाचं हाय हो. काय हुत न्हाय."

मी अक्काकडं बघितलं. तिनं दाभण माझ्या हातातून परत घेतला होता आणि तो पदरानं पुसत बसली होती. इतकी वर्षं तिच्याशी भांडलो मी. तिच्या नाकाविषयी काय काय बोललो. पण तिचं एकही बागुंदी कधी कुणाच्या पोटाला बाधलं नव्हतं, हे मला माहीत होतं. आणि पुढं मंगल उभी होती, कडेवर टकलं पोर, ते पंगतीतल्या प्रत्येकाच्या मांडीवर जाणार होतं, प्रत्येकाच्या ताटातला रस्सा बोटानं चाखणार होतं.

"अक्का वद्दू म्हणली," मी म्हटलं. "लाल टाका."

"देवाचं टाकता?" व्याही म्हणाले.

"देवाचं देवाला माळावर पोचलं. हितं आणलं ते माणसांसाठी. जेवून माणसं आडवी झाली, तर देव म्हणंल का नवस फिटला?"

"आनि माजी मानसं उपाशी उठली तर? लग्नात उठली तशी?"

  याचं उत्तर अक्कानं दिलं. ती उठली, दारात गेली, तिची लोखंडी खुर्ची उचलून आणली आणि व्याह्यांच्या पुढ्यात आदळली.

"बस ह्याच्यावर. तुझा एक माणूस जरी कमी जेवला, तर ही खुर्ची दुधनीला घेऊन जा. मी परत कुणाचा पिशवी बघणार न्हाई."

 व्याही बसले. काय करतील?

मग जे झालं तसं मी पुन्हा बघितलं नाही. अक्का ओरडत सुटली. "करमाळा, तुरीची डाळ! घरात असेल ती सगळी! बार्शी, शाळेत शिकवतो ना, चल, भोपळे सोल! नातेपुते, गाडा काढ, मंडईत जा, दुधी मिळतील तेवढे आण, चिंच आण!" मी हातगाडा घेऊन धावलो. त्या वयात तसा धावलो. परत आलो तर बोळातल्या प्रत्येक चुलीवर डाळ शिजत होती आणि माझा भाऊ काळ्या मांड्यांवरचा पापुद्रा सुरीनं सोलत होता. आतून मटण निघालं गुलाबी, कोरडं, घट्ट. व्याही खुर्चीवरून बघत होते. त्यांनी मान जरा पुढं काढली, मग पुन्हा मागं घेतली.

निम्मं मटण सुक्यात घातलं. उरलेलं हाडांसकट, डाळ, दुधी, चिंच घालून दालचा केला. दालचा म्हणजे एका बोकडात गाव जेवायची युक्ती, पण ती हाताला यावी लागते. लाल मटण पुतण्यानं पिशव्यांत बांधून मागच्या भिंतीला नेऊन ठेवलं, नंतर पुरायला. त्याचं तोंड उतरलं होतं. अक्का त्याला म्हणाली, "तोंड नको पाडू. गरम कोंडायचं न्हाई, एवढंच शिकायचं. माझा नवरा पण असाच केला होता एकदा. त्याला तर मी अजून माफ केलं न्हाई."

दिवे लागायच्या वेळेला पंगत बसली. बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. भाकरी, सुकं, दालचा, भात, शेंगदाण्याची चटणी. मी व्याह्यांना माझ्या शेजारी बसवलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि खाल्ला. मटणाला हात नाही.  मी माझा घास उचलला, सुक्याचा, हाडाजवळचा, आणि खाल्ला. आहा! आता त्याचं काय सांगू. माळावरचा बोकड होता तो.

दुसरा घास. तिसरा. व्याही माझ्या तोंडाकडं बघत होते. मग त्यांनी एक बोटी उचलली, बारीकशी. चघळली. मग मोठी उचलली. मग फेटा काढून मांडीवर ठेवला. मी वाढप्याला खूण केली.

"वाढ रे व्याह्यांना."

"थोडं," ते म्हणाले. थोडं किती वेळा म्हणाले ते मी मोजलं नाही. दालच्याला तर ते वाटी तोंडाला लावून प्यायले.

नेमकं तेव्हाच वारं फिरलं. पुतण्या खड्डा खणून मागच्या पिशव्या उचलायला गेला होता. दिवसभर तापलेल्या भिंतीच्या उबेनं पिशव्या फुगून टम्म झालेल्या. त्यातली एक त्याच्या हातात फुटली. जे सुटलं ते पंगतीवरून गेलं. माणसांनी नाकाला पंचे लावले. व्याही घास हातात तसाच धरून बसले. मग हळूच माझ्याकडं वाकले.

"पावणं, ते जरा लांब पुरा."

"व्हय. कुत्र्यांना नको ना टाकायला?" मी म्हटलं. मला राहवलं नाही.

ते हसले. पहिल्यांदा पोट हलेपर्यंत हसले. आणि त्यांनीच मोठ्यानं हाक मारली, "ओ बाई! ती खुर्ची घ्या तुमची. माझी मानसं उठंनात, आनखी मागतात!" पंगत पुरी उठली, मग गल्ली बसली, मग वाढपी बसले, आणि हंड्यात तरीही पळीभर उरलं. पुतण्यानं लाल मटण हळद-कुंकू वाहून खोल पुरलं. अक्का सगळ्यांच्या शेवटी जेवली, आणि जेवून उठल्यावर डबी काढून अशी शिंकली की मांडवातली चिमणी पाखरं उडाली.

व्याही आपली माणसं, मंगल आणि नातवाला घेऊन रातोरात दुधनीला परतले. मी त्या रात्री झोपलो नाही असं बायको सांगते. खोटं आहे. जरा उशिरा झोपलो.

सकाळी अक्का पुन्हा दारात. वार कुठला का असेना, पाय चौकटीला. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला अडवून एकच शब्द, "पोट?" बार्शी म्हणाला, ठीक. करमाळा म्हणाली, चांगलं. माझा भाऊ म्हणाला, भूक लागली. तिनं त्याला पाय काढून वाट दिली. मी फोन हातात घेऊन बोळात येरझाऱ्या घालत होतो. काळजी म्हणून नव्हे. रेंज आत येत नव्हती.

फोन वाजला. दुधनीचा. व्याह्यांचा आवाज.

"पावणं, सगळी मानसं ठणठणीत. आनि ऐका. सणाला हितं बोकड करायचाय. जितं बघायला तुमी या, आनि कापल्यावर बघायला त्या बाईला आना. दोघं असल्याबिगर मी चूल पेटवनार न्हाई."

मी फोनवर हात ठेवून ओरडून अक्काला सांगितलं. बोळातली माणसं थांबली. ती जराही हलली नाही.

"दुधनीला सांग, येते. पण दारात प्लॅस्टिक दिसला तर तिथनंच परत. आणि त्याचा बोकड मी बघणार, त्याचा फेटा न्हाई. तो ठेव म्हणावं घरात."

मी ते जसंच्या तसं फोनमध्ये सांगितलं, तिच्याच आवाजात, तिच्याच ठसक्यात. व्याही हसले, आणि त्यांच्या मागून, त्याच घरातून, आणखी एक हसणं आलं. मोठ्यानं, मोकळं, सासऱ्यासमोर, कुणाचीही भीडभाड न ठेवता. माझ्या मंगलचं.